मुदतीआधी निवृत्ती: पेन्शन, फंड आणि हाती येणारी रक्कम याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड व चिंचोली एमआयडीसीतील कारखाने, जिल्ह्यातील साखर कारखाने, एसटी, रेल्वे आणि विडी कारखाने येथे नोकरी केलेल्या सोलापूरकरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. पन्नाशीत नोकरी सोडणाऱ्याचे नुकसान बहुतेक वेळा चुकीच्या गुंतवणुकीने होत नाही. चुकीचा शब्द लिहिलेल्या अर्जाने, चुकलेल्या तारखेने आणि पहिल्या काही महिन्यांत घाईने दिलेल्या पैशाने ते होते. म्हणून उत्तरांत कागद आणि मुदती यांवर अधिक भर दिला आहे. व्याजदर व मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते. अर्ज भरण्याच्या दिवशी त्या एकदा पडताळून पाहाव्यात.

१. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि व्हीआरएस (कंपनीने भरपाई देऊन जाहीर केलेली स्वेच्छानिवृत्ती योजना) यांत फरक काय? नोकरी सोडायचीच आहे, मग अर्जात काही लिहिले तरी चालते ना?

अजिबात चालत नाही. सरकारी कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, तर सर्वसाधारणपणे त्याची आधीची सेवा पेन्शनसाठी बाद होते. तोच कर्मचारी वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण करून, तीन महिन्यांची नोटीस देऊन नियमानुसार स्वेच्छानिवृत्ती घेतो, तेव्हा मात्र जुन्या योजनेतील पेन्शनचा हक्क शाबूत राहतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये ही तरतूद आहे. घरच्या अडचणीमुळे उतावीळपणे ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ असे लिहून देणाऱ्याला पुढे ते वाक्य मागे घेणे फार जड जाते. खासगी कारखान्यात भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन राजीनाम्याने बुडत नाही, मात्र व्हीआरएसवरील करसवलत (प्रश्न ६) आणि राज्य कामगार विम्याची सवलत (प्रश्न १२) मिळणार की नाही, हे नोकरी सोडण्याच्या नोंदलेल्या कारणावर ठरते. त्यामुळे सोडल्याच्या पत्राची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ असलीच पाहिजे.

२. खासगी कारखान्यातील माझी पेन्शन नेमकी कशी काढतात? इंटरनेटवरच्या हिशेबापेक्षा कार्यालयाने सांगितलेला आकडा कमी का येतो?

कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम पेन्शन खात्यात जाते. तिच्यासाठी वेतनाची सध्याची कमाल मर्यादा १५,००० रुपये असल्याने पगार कितीही असला, तरी महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपयेच तिकडे जमा होतात. सूत्र सोपे आहे: शेवटच्या साठ महिन्यांचे सरासरी पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०.

आकडा कमी येतो तो एका बारकाव्यामुळे. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पूर्वी ६,५०० रुपये होती, आणि त्या तारखेच्या आधीची सेवा त्या जुन्या मर्यादेनेच मोजली जाते. समजा, एका कामगाराची सेवा १ सप्टेंबर २००८ ते ३१ ऑगस्ट २०२६ अशी अखंड अठरा वर्षे आहे आणि त्याचे वेतन कायम मर्यादेच्या वर राहिले आहे. पहिल्या सहा वर्षांचे ६,५०० × ६ ÷ ७० म्हणजे सुमारे ५५७ रुपये, आणि नंतरच्या बारा वर्षांचे १५,००० × १२ ÷ ७० म्हणजे सुमारे २,५७१ रुपये. दोन्ही मिळून ३,१२९ रुपये होतात. सगळी अठरा वर्षे १५,००० ने गुणून जो ३,८५७ चा आकडा येतो, तो या कामगाराला लागू नाही. बिनपगारी रजा, संप किंवा ले-ऑफमुळे वर्गणी न भरलेले दिवसही सेवेतून वजा होतात. ते पासबुकात आणि मालकाच्या विवरणात तपासून घ्यावेत.

३. वय ५५ आहे. पेन्शन आताच सुरू करावी की ५८ पर्यंत थांबावे?

पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शन मागता येते, मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती आयुष्यभर राहते. ‘कपात’ हा शब्द ऐकूनच बरेच जण थांबण्याचा निर्णय घेतात. आधी हिशेब मांडून पाहावा.

प्रश्न २ मधील कामगार नोकरी सोडताना ५५ वर्षांचा आहे असे धरू. त्याला लगेच सुमारे २,७६० रुपये मिळतील, आणि ५८ ला सुरू केल्यास ३,१२९. लगेच सुरू केल्यास तीन वर्षांत सुमारे ९९,००० रुपये आधीच हाती येतात. पुढे दरमहा जी ३७० रुपयांच्या आसपास तूट पडते, ती साचून ९९,००० व्हायला बावीस वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे हा माणूस ८० वर्षांचा होईपर्यंत लवकर घेतलेली पेन्शनच पुढे राहते. त्यात या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे आजच्या रुपयाची किंमत वीस वर्षांनंतरच्या रुपयापेक्षा कितीतरी अधिक आहे.

माझे मत असे, की दुसरे उत्पन्न नसलेल्याने आणि खर्चासाठी एफडी मोडावी लागणाऱ्याने थांबू नये. जो पुन्हा फंड कापणाऱ्या आस्थापनेत काम करणार आहे, त्याने मात्र थांबावे, कारण त्याची सेवा वाढत जाईल आणि पेन्शनही वाढेल. ५८ नंतरही ६० पर्यंत पेन्शन लांबवता येते आणि त्यासाठी वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. अर्ज ‘दहा-डी’ नमुन्यात करावा लागतो. पेन्शन आपोआप सुरू होत नाही.

४. माझी सेवा दहा वर्षांना थोडी कमी भरते. पेन्शन बुडाली का?

सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षांची पेन्शनपात्र सेवा दहा वर्षे मानली जाते. त्यामुळे नोकरी सोडण्याची तारीख ठरवण्यापूर्वी दिवस मोजावेत. काही आठवडे अधिक काम केल्याने आयुष्यभराची पेन्शन पदरात पडू शकते. सेवा त्याहूनही कमी असेल, तर पेन्शन खात्यातील लाभ काढून घेता येतो किंवा योजना प्रमाणपत्र घेता येते. पुढे दुसरी नोकरी करण्याची थोडीही शक्यता असेल, तर प्रमाणपत्रच घ्यावे, कारण त्यामुळे जुनी सेवा नव्या सेवेला जोडली जाते. बरेच जण दर नोकरीनंतर ‘दहा-सी’ भरून पैसे काढतात आणि वीस वर्षे कष्ट करूनही पेन्शनला मुकतात, याचे फार वाईट वाटते.

५. फंडाची सगळी रक्कम लगेच काढावी का?

गरज नसेल तर घाई करू नये. ५५ नंतर निवृत्त झालेल्याच्या खात्यावर आणखी तीन वर्षे व्याज मिळते. त्याआधी नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर ५८ व्या वर्षापर्यंत. २०२४-२५ साठी हा दर ८.२५ टक्के होता. मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या काळात जमा झालेले व्याज करपात्र असते. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर काढलेली मूळ शिल्लक करमुक्त असते.

५५ पूर्वी नोकरी सोडणाऱ्यांनी एक बदल ध्यानात ठेवावा. बेरोजगारीच्या कारणाने पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणि पेन्शन खात्यातील रकमेची मुदत छत्तीस महिन्यांवर नेण्याचा निर्णय फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. त्यामुळे ‘दोन महिन्यांत फंड येईल’ या भरवशावर कोणालाही पैशाचा शब्द देऊ नये. मालकाने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर दोन महिन्यांनंतर ती सदस्याला स्वतःच्या यूएएनवरून (फंडाच्या कायम खाते क्रमांकावरून) टाकता येते.

६. व्हीआरएस, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा पगार यांवर कर किती?

व्हीआरएसची भरपाई आयुष्यात एकदाच ५ लाख रुपयांपर्यंत करमुक्त असते. त्यासाठी वय ४० पूर्ण किंवा सेवा १० वर्षे पूर्ण हवी, योजना सर्व कर्मचाऱ्यांना खुली हवी, रिकामी झालेली जागा भरायची नसते आणि निवृत्त झालेल्याने त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरायची नसते. ही शेवटची अट लोकांना अडचणीत आणते. ‘व्हीआरएस घ्या, पुढच्या महिन्यापासून आमच्याच दुसऱ्या युनिटमध्ये या’ असे आश्वासन मिळाले, तर ती करसवलत धोक्यात येते.

ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनाच्या २६ व्या भागाला १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणून काढतात, आणि तिची मर्यादा २० लाख रुपये आहे. पाच वर्षांची सलग सेवा लागते; देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यावी लागते, उशीर झाल्यास व्याजासह. खासगी नोकरीतील शिल्लक रजेचा पगार २५ लाखांपर्यंत करमुक्त आहे, मात्र त्याच्या हिशेबाला इतर उपमर्यादाही लागतात.

७. सगळे मिळून ४० लाख येतील. वय ५२, घरखर्च महिना २५,००० रुपये. एवढ्यात भागेल का?

सरासरी ७ टक्के व्याज धरले, तर ४० लाखांवर महिन्याला सुमारे २३,३०० रुपये येतात, म्हणून पहिल्या वर्षी जवळपास भागल्यासारखे वाटते. पण महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे ६४ व्या वर्षी हेच घर चालवायला ५०,००० लागतील आणि व्याज मात्र तेवढेच राहील. माझा ठोकताळा असा आहे, की पन्नाशीत निवृत्त होणाऱ्याने पहिल्या वर्षी एकूण रकमेच्या चार टक्क्यांहून अधिक खर्चासाठी काढू नये. ४० लाखांवर ते महिना सुमारे १३,३०० रुपये होतात. उरलेला खर्च पेन्शन, भाडे, शेती किंवा अर्धवेळ कामातून निघत असेल तरच नोकरी सोडण्याचा निर्णय सुरक्षित आहे. तो निघत नसेल, तर आणखी तीन-चार वर्षे नोकरी करणे हे कोणत्याही गुंतवणुकीपेक्षा अधिक लाभाचे ठरते, कारण त्या वर्षांत शिल्लक वाढते आणि ती पुरवायची वर्षे कमी होतात.

८. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आधी पैसे ठेवता येतात का?

निवृत्त झालेल्याचे वय ५५ पूर्ण असेल, तर येतात. मात्र निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागते आणि मिळालेल्या लाभांपेक्षा अधिक रक्कम ठेवता येत नाही. ही तीन महिन्यांची खिडकी चुकली की साठीपर्यंत थांबणे आले. ५५ च्या आधी, म्हणजे ५१-५२ व्या वर्षी निवृत्त झालेल्या नागरी कर्मचाऱ्यालाही थांबावेच लागते. हा मजकूर लिहिताना दर ८.२ टक्के आणि कमाल मर्यादा ३० लाख आहे. तेवढ्या ठेवीवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. खाते संयुक्त करायचे तर फक्त पती किंवा पत्नीबरोबरच करता येते.

ज्यांचे वय बसत नाही, त्यांना टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना खुली आहे. तिचा दर ७.४ टक्के, मर्यादा एकट्यासाठी ९ लाख आणि संयुक्त खात्यासाठी १५ लाख आहे. १५ लाखांवर महिन्याला ९,२५० रुपये येतात.

९. ओळखीची पतसंस्था बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज देते. तिथे ठेवले तर?

सोलापूर जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि त्यांपैकी अनेक वर्षानुवर्षे नीट चालल्या आहेत, हे खरे आहे. तरीही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बँक, मग ती सहकारी असली तरी, बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटी यांतील ठेवींना हे संरक्षण नाही. दरवाजावर ‘बँकिंग’सारखे शब्द रंगवलेले असले तरी नाही. निवृत्तीची रक्कम पुन्हा कमावता येत नसल्याने ती तिथे ठेवू नये, असेच मी प्रत्येकाला सांगतो. सहकारी बँकेतही एका बँकेत पाच लाखांच्या आत राहावे आणि वर्षाचे व्याज धरून ती मर्यादा ओलांडली जाणार नाही, असे पाहावे.

१०. सोसायटीचे कर्ज आणि दोन मित्रांच्या कर्जाला जामीन, दोन्ही आहे. निवृत्तीवर काय परिणाम होईल?

पगारदार नोकरांच्या सोसायटीचा हप्ता पगारातून कापला जातो. पगार थांबला की संस्था एकरकमी बाकी मागते. नोटीस देण्यापूर्वी बाकीचा लेखी उतारा घ्यावा, आणि फेडल्यावर बेबाकी दाखला घेतल्याशिवाय राहू नये.

जामीन ही अधिक गंभीर बाब आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून थेट जामीनदाराकडे येऊ शकते. कर्जदाराने हप्ते थकवले आणि तुमच्या खात्यावर नुकतीच मोठी रक्कम आली, तर वसुली अधिकारी कोणाचे दार आधी ठोठावेल, हे सांगायला नको. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्यावर जप्ती आणता येत नाही, असे संरक्षण कायद्यात आहे. त्यामुळे ‘ग्रॅच्युइटी परस्पर वळती करून घेतो’ या संमतीपत्रावर दबावाखाली सही करू नये. निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी मित्राला दुसरा जामीनदार देण्यास सांगावे आणि संस्थेकडून मुक्ततेचे पत्र लेखी घ्यावे.

११. मुलाला यंत्रमाग टाकायचे आहेत, शिवाय जुळे सोलापुरात एन.ए. प्लॉट स्वस्तात मिळतो आहे. पैसे त्यात घालावेत का?

मुलाला मदत करू नये, असे कोणी कोणाला सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण आधी प्रश्न ७ प्रमाणे स्वतः दोघांच्या आयुष्यभराच्या खर्चाची रक्कम बाजूला काढावी, आणि तिच्या वर जे उरेल त्यातूनच द्यावे. चादरी आणि टॉवेलच्या धंद्यात सूत रोखीने घ्यावे लागते आणि मालाचे पैसे महिन्यांनी येतात. यंत्रांचे पैसे दिल्यावर खेळत्या भांडवलासाठी दुसऱ्यांदा मागणी येते, ती बहुतेकांनी धरलेलीच नसते. त्यामुळे देण्याची कमाल रक्कम एकदाच ठरवून घरात सर्वांसमोर सांगावी. राहत्या घरावर मुलाच्या धंद्याचे कर्ज घेऊ नये.

प्लॉटविषयी एवढेच, की त्यातून महिन्याचे उत्पन्न येत नाही आणि आजारपणात तो आठवड्यात विकला जात नाही. राहायला घर असलेल्याने निवृत्तीच्या पैशातून दुसरा प्लॉट घेऊ नये.

१२. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जाणार. पुढे काय करावे?

नोकरी सुटण्याच्या आधी स्वतंत्र पॉलिसी सुरू करावी. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो, आणि तो नोकरी चालू असतानाच सरला तर सर्वांत चांगले. गट विमा त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वर्ग करण्याची मागणीही वेळेत करता येते.

राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांना एक सवलत फारशी माहीत नसते: किमान पाच वर्षे विमा असलेल्या नोकरीनंतर नियत वयोमानाने, व्हीआरएसने किंवा मुदतपूर्व निवृत्तीने बाहेर पडलेल्याला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. सोलापुरात या योजनेचे रुग्णालय असल्याने ती खरोखर उपयोगाची आहे. सोडण्याचे कारण कागदावर नीट लिहिले गेले पाहिजे (प्रश्न १).

१३. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या नोकरीत लागलो. आधी सोडल्यास एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) काय?

त्या तारखेपासून लागलेल्यांना साधारणपणे जुनी पेन्शन नाही. एनपीएसमध्ये जमा रकमेवर पेन्शन ठरते. राजीनामा देऊन बाहेर पडल्यास जमा रकमेतील मोठा भाग, म्हणजे ८० टक्के, वार्षिकी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली आयुष्यभराची पेन्शन) खरेदीसाठी लावावा लागतो आणि हाती थोडीच रोख येते. मात्र लगेच बाहेर पडण्याची सक्ती नाही. खाते चालू ठेवून रक्कम वाढू देता येते. वार्षिकी एकदा घेतली की बदलता येत नाही, म्हणून पत्नीला पुढे पेन्शन आणि तिच्यानंतर वारसांना मूळ रक्कम परत, असा पर्याय घेतल्यास दरमहा किती कमी मिळते, हे दोन-तीन कंपन्यांकडून लेखी मागवून मगच निवड करावी.

१४. रेल्वेत आहे आणि एकीकृत पेन्शन योजना निवडली आहे. स्वेच्छानिवृत्तीनंतर लगेच पेन्शन मिळेल ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या या योजनेत ठरलेल्या किमान सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण निश्चित पेन्शन त्या कर्मचाऱ्याच्या नियत निवृत्तीच्या तारखेपासून सुरू होते. ५२ ला बाहेर पडलेल्याला ६० पर्यंतची आठ वर्षे स्वतःच्या पैशावर काढावी लागतील. जुन्या पेन्शन योजनेतील सहकाऱ्याला लगेच पेन्शन मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असे धरू नये.

१५. निवृत्तीनंतर आयकर भरावा लागेल का?

नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि पेन्शनवर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. त्यामुळे बहुतेक निवृत्तांना कर लागत नाही. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या विशेष दराच्या नफ्याला मात्र ही सवलत लागू नाही. साठीच्या आतील व्यक्तीचे बँकेतील व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेले की बँक कर कापते. कर लागणारच नसेल तर एप्रिलमध्येच स्वघोषणेचा अर्ज द्यावा.

१६. आई तीस वर्षे विड्या वळते. फंडात तिचे नाव एक, आधारवर दुसरे. पेन्शन अडली आहे. काय करावे?

सोलापूर शहराच्या पूर्व भागातून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे. कारखान्याच्या रजिस्टरात माहेरचे आडनाव आणि ‘लक्ष्मव्वा’, आधारवर सासरचे आडनाव आणि ‘लक्ष्मीबाई’, बँकेच्या पासबुकात नुसते ‘लक्ष्मी’, आणि जन्मतारखेच्या जागी सगळीकडे १ जानेवारी. असे कागद घेऊन बाई खिडकीपुढे उभी राहते आणि परत पाठवली जाते.

क्रम असा ठेवावा. प्रथम आधार बरोबर करून घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावरून जुळवले जाते. मग बँक खाते आधारप्रमाणे करावे. त्यानंतर मालक व कामगार यांच्या संयुक्त घोषणापत्राने फंडातील नाव, जन्मतारीख आणि पतीचे नाव दुरुस्त करावे; सोबत विवाहाचा दाखला किंवा नाव बदलाचे राजपत्र जोडावे. कारखाना बंद पडला असेल, तर घोषणापत्र अधिकृत व्यक्तीकडून साक्षांकित करून सोलापूरच्या प्रादेशिक भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. हे काम पन्नाशीतच उरकावे. वर्गणी कमी असली तरी २०१४ पासून या योजनेत महिना १,००० रुपये किमान पेन्शन आहे, आणि दहा वर्षे भरलेल्या बाईचा तो हक्क आहे.

१७. पेन्शन सुरू झाल्यावर माझ्यामागे पत्नीला काय मिळेल? नॉमिनी म्हणून भावाचे नाव आहे.

कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना तिच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के. कुटुंब असताना भावाच्या नावाने केलेल्या नामनिर्देशनाचा या पेन्शनवर परिणाम होत नाही. फंड, ग्रॅच्युइटी, बँक ठेवी आणि विमा यांची नोंद मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. लग्नाआधी भरलेला जुना नमुना तसाच राहिला असेल, तर फंडाचे ई-नामनिर्देशन पोर्टलवर आणि बाकीच्यांचे त्या त्या कार्यालयात नोटीस देण्यापूर्वीच बदलून घ्यावे. पत्नीचे आधार, तिचे स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि दोघांचा एकत्र फोटो हे कागद ‘दहा-डी’ अर्जाच्या वेळीच जोडून ठेवले, तर तिला पुढे एकटीने कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.